नोव्हेंबरातलं झेरमॅट : आधी उतरायची वाट, मग चढायची

आल्प्समध्ये स्कीचा हंगाम डोंगरमाथ्यावर सुरू होतो आणि आठवड्यागणिक खाली गावाकडे सरकत येतो. ऑक्टोबरात स्की करण्याजोगा बर्फ असतो तो हिमनद्यांवर, साधारण तीन हजार मीटरच्या वर. नोव्हेंबर संपता संपता मधल्या उंचीवरचे उतार एकेक करून उघडू लागतात. गावाच्या वेशीपर्यंत स्की घालून उतरता येईल इतका बर्फ साठायला मात्र बऱ्याचदा डिसेंबरचा मध्य उजाडतो, एखाद्या वर्षी नाताळही उलटून जातो. म्हणून या दिवसांत ‘बर्फ पडलाय का?’ एवढंच विचारून भागत नाही. विचारायचे प्रश्न दोन: बर्फ कुठल्या उंचीपासून वर आहे, आणि तिथून संध्याकाळी खाली कसं यायचं?

दिवाळीच्या सुट्टीत पुण्या-मुंबईहून येणारी कुटुंबं आणि झुरिक, म्युनिक, लंडनला नोकरी करणारी, पहिल्यांदाच स्कीला निघालेली आपली मंडळी नेमकी याच काळात आल्प्समध्ये पोचतात. प्रवास महागडा असतो, रजा मोजकी असते आणि मुलांनी बर्फाचा ध्यास घेतलेला असतो. थोडी माहिती आधी हाताशी असली तर या दिवसांतही फार सुंदर स्कीइंग होतं. उदाहरणासाठी स्वित्झर्लंडमधलं झेरमॅट घेऊ. इथे वर्षभर स्की करता येते, गावात पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांना बंदी आहे, आणि हंगामाच्या सुरुवातीच्या सगळ्या अडचणी इथे एकाच दरीत पाहायला मिळतात.

आधी उंचीचा हिशोब

कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर उंच आहे. झेरमॅटचं गाव साधारण त्याच उंचीवर, १,६०८ मीटरवर वसलेलं आहे. म्हणजे महाराष्ट्रातला सर्वोच्च बिंदू जिथे संपतो, तिथून इथला प्रवास सुरू होतो. गावातून वर जायचे मुख्य मार्ग तीन.

पहिला सुनेगाचा. बोगद्यातून जाणारी फ्युनिक्युलर काही मिनिटांत २,२८८ मीटरवर नेते, आणि तिथून पुढे ब्लाउहेर्ड आणि रोटहॉर्न (३,१०३ मीटर) गाठता येतं. दुसरा गोर्नरग्राटचा. १८९८ साली सुरू झालेली ही दातेरी रुळांची रेल्वे स्वित्झर्लंडमधली पहिली विजेवर चालणारी अशी रेल्वे. ती ३३ मिनिटांत ३,०८९ मीटरवर पोचवते. तिसरा मॅटरहॉर्न ग्लेशियर पॅराडाइजचा: गोंडोलाने फुरी आणि श्वार्झसेवरून ट्रॉकेनर श्टेग (२,९३९ मीटर), आणि तिथून मोठ्या केबल कारने क्लाइन मॅटरहॉर्नवर ३,८८३ मीटरला. युरोपातलं हे सर्वांत उंच केबल कार स्थानक आहे.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात भिस्त असते ती या तिसऱ्या मार्गावर, कारण थेओडुल हिमनदी तिथे आहे. सुनेगा आणि गोर्नरग्राटचे उतार निसर्गाच्या आणि बर्फ बनवणाऱ्या यंत्रांच्या कृपेने नंतर उघडतात. हे तिन्ही भाग जोडणारे मधले दुवे, म्हणजे गान्टहून होटॅलीला जाणारी केबल कार किंवा फुरी-रिफेलबर्ग गोंडोला, यांच्या तारखाही वेगवेगळ्या असतात. ते बंद असतील तर एका भागातून दुसऱ्या भागात जायला पुन्हा गावात उतरावं लागतं. नकाशात सगळं एकमेकांना जोडलेलं दिसतं, पण तो नकाशा भर हंगामाचा असतो. आपल्याला लागतो तो आजचा.

सुरुवातीचा बर्फ ओळखा

हंगामाच्या तोंडाशी पायाखाली तीन तऱ्हेचा बर्फ येतो, आणि तिन्हींवर स्की वेगळी चालते.

हिमनदीवरचा बर्फ वाऱ्याने दाबला गेलेला आणि कडक असतो. सकाळी तर तो पार टणक असतो. इथे स्कीच्या कडा धारदार हव्यात. भाड्याने स्की घेताना ‘वर हिमनदीवर जाणार आहे’ असं दुकानदाराला सांगा, म्हणजे तो धार लावलेली जोडी देईल.

यंत्राने बनवलेला बर्फ खालच्या आणि मधल्या उतारांवर लागतो. पाण्याचे बारीक तुषार थंड हवेत उडवले की ते गोठून खाली पडतात. त्यासाठी हवेतला ओलावा जमेस धरून मोजलेलं तापमान उणे दोन-तीन अंशांच्या खाली असावं लागतं. हवा कोरडी असली तर हे काम थोड्या कमी थंडीतही साधतं. ताज्या नैसर्गिक बर्फाचं वजन घनमीटरला शंभर किलोंच्या आसपास किंवा त्याहून कमी असतं, यंत्राचा बर्फ चारशे-पाचशे किलोंपर्यंत जातो. म्हणून तो टिकतो आणि पाया म्हणून उत्तम ठरतो, पण पडलं तर लागतंही जास्त. असा उतार बहुतेक वेळा एक अरुंद पांढरा पट्टा असतो आणि दोन्ही बाजूंना गवत, माती, दगड उघडे पडलेले असतात. वळणं त्या पट्ट्याच्या मधोमध घ्या. काठावर राखाडी छटा दिसली की खाली खडी आहे असं समजून वेळीच वेग कमी करा.

तिसरा नवा पडलेला बर्फ. तो सगळ्यांत देखणा आणि सगळ्यांत फसवा. वीस-तीस सेंटीमीटर ताज्या बर्फाखाली हंगामाचा पाया तयार नसेल, तर दगड, झाडांचे बुंधे, कुंपणाच्या तारा तशाच दडलेल्या असतात. हंगामाच्या सुरुवातीला स्वतःच्या नव्या स्की घेऊन जाण्यापेक्षा भाड्याच्या घ्याव्यात, त्याचं हेही एक कारण.

हवामानाचं वेळापत्रक नसतं

तारखांवर किती विसंबावं याचा धडा झेरमॅटनेच दिला आहे. २०२२ आणि २०२३ अशी दोन वर्षं झेरमॅट-चेर्विनिया इथे हंगामाच्या सुरुवातीला वर्ल्ड कपच्या डाउनहिल शर्यती ठेवल्या होत्या. सुरुवात स्वित्झर्लंडात, शेवट इटलीत, असा तो मार्ग होता. २०२२ मध्ये खालच्या भागात पुरेसा बर्फच नव्हता. २०२३ मध्ये बर्फ इतका पडला आणि वारा इतका सुटला की स्पर्धा घेणं अशक्य झालं. दोन्ही वर्षांत मिळून एकही शर्यत झाली नाही. त्याआधी २०२२ च्या उन्हाळ्यात उष्णतेमुळे हिमनदीवरचं स्कीइंगही थांबवावं लागलं होतं, आणि २०२२-२३ या दोन वर्षांत स्वित्झर्लंडच्या हिमनद्यांनी आपल्या आकारमानाचा सुमारे दहावा हिस्सा गमावला. जागतिक स्पर्धेच्या आयोजकांना जे हातात ठेवता आलं नाही, ते आपल्या चार दिवसांच्या सहलीत हातात राहील असं गृहीत धरू नये.

म्हणून बुकिंग करताना सोय ठेवा. हॉटेल शक्यतो रद्द करता येण्याजोगं घ्या. स्की-पासचे दर मागणीनुसार बदलतात आणि लवकर घेतला तर स्वस्त पडतो हे खरं, पण नोव्हेंबरात सगळ्या दिवसांचा पास आधीच घेण्यापूर्वी परताव्याच्या अटी वाचा. शिवाय ऑक्टोबरच्या मध्यापासून हंगाम सुरू होईपर्यंत गावातली बरीच हॉटेलं आणि रेस्टॉरंटं बंद असतात, काही लिफ्ट वार्षिक दुरुस्तीसाठी थांबवलेल्या असतात. मुक्कामाची तारीख ठरवण्याआधी त्या आठवड्यात काय काय चालू आहे हे पाहणं हाच खरा गृहपाठ.

बर्फाचा अहवाल कसा वाचावा

रिसॉर्टच्या अहवालात बहुधा बर्फाची जाडी दोन ठिकाणची असते: डोंगरावरची आणि गावातली. वर दीड मीटर आणि खाली शून्य असेल, तर वर स्की छान होईल आणि खाली यायला गोंडोला लागेल, एवढाच त्याचा अर्थ. त्यानंतर पाहा ‘किती किलोमीटर उतार उघडे’ आणि ‘कोणत्या लिफ्ट चालू’. सर्वांत महत्त्वाची ओळ असते गावापर्यंतच्या उताराची, ज्याला तिथे ‘टालआबफार्ट’ म्हणतात. ती बंद दिसली तर संध्याकाळी लिफ्टनेच खाली यायचं आहे, हे सकाळीच मनात पक्कं करा.

आकड्यांच्या जोडीला वेबकॅम पाहा. सकाळी आठच्या चित्रात उताराच्या कडेला दगड दिसतात की नाही, ते शब्दांपेक्षा जास्त सांगतं. आणि वाऱ्याचा अंदाज तपासा. दक्षिणेकडून फ्योन वारा सुटला की गावात स्वच्छ ऊन असतं, पण वरची केबल कार बंद ठेवावी लागते. आकाश निळं दिसतंय म्हणून डोंगर उघडा असेलच असं नाही. नोव्हेंबरच्या शांत दिवसांत याच्या उलट गंमतही दिसते: थंड हवा दरीत साचते, गावात कडाक्याची थंडी आणि हजार मीटर वर त्यापेक्षा ऊबदार हवा. तेव्हा अंगावरचे कपडे थरांचे हवेत, एका जाड जॅकेटवर भागत नाही.

गावापर्यंत पोचणं

झुरिक विमानतळाहून रेल्वेने फिस्पला यायचं आणि तिथे मॅटरहॉर्न गोटहार्ड बानच्या लाल, अरुंद रुळांच्या गाडीत बसायचं. सगळा प्रवास साडेतीन तासांच्या आसपास होतो. त्यातला फिस्प ते झेरमॅट हा सव्वा तासाहून थोडा कमी. जिनिव्हाहून चार तास धरा. स्विस ट्रॅव्हल पास झेरमॅटपर्यंत चालतो आणि गोर्नरग्राटच्या तिकिटावर निम्मी सूट देतो. स्की-पास मात्र वेगळा घ्यावा लागतो.

मोटारीने येणाऱ्यांनी गाडी पाच किलोमीटर अलीकडे टेश या गावी ठेवायची. तिथल्या मोठ्या छताखालच्या पार्किंगमधूनच शटल रेल्वे सुटते. दिवसा साधारण दर वीस मिनिटांनी एक आणि प्रवास बारा मिनिटांचा. सामान ढकलत थेट गाडीत नेता येतं. टेशपर्यंतच्या रस्त्यासाठी हिवाळी टायर लावलेले असावेत, भाड्याची गाडी घेताना हे विचारून घ्या.

दरी अरुंद आहे. फार बर्फ पडला की हिमस्खलनाच्या भीतीने रस्ता आणि रेल्वे दोन्ही बंद ठेवतात. जानेवारी २०१८ मध्ये सुमारे १३,००० पर्यटक अशा रीतीने गावात अडकले होते आणि काहींना हेलिकॉप्टरने बाहेर काढावं लागलं. सुरुवातीच्या हंगामात अशी वेळ क्वचित येते, तरी परतीच्या विमानाच्या आदली रात्र झुरिक किंवा जिनिव्हाला काढणं शहाणपणाचं.

गावात वावरणं

गावात फक्त छोटी विजेवर चालणारी वाहनं फिरतात: टॅक्सी, बस, हॉटेलच्या गाड्या. त्यांचा आवाज जवळजवळ होत नाही. बानहोफश्ट्रासे या मुख्य रस्त्यावर लोक दुकानं बघत, फोटो काढत मधून चालतात आणि मागून आलेली टॅक्सी अगदी जवळ येईपर्यंत कळत नाही. मुलांचा हात धरा, कडेने चाला आणि खांद्यावर स्की असताना मागे वळण्याआधी पाहा. स्कीची मागची टोकं शेजारच्याच्या चेहऱ्याच्या उंचीवर असतात.

अंतरं लहान वाटतात, पण स्कीचे बूट घालून ती लांब होतात. गोर्नरग्राटचं स्थानक मुख्य स्थानकाच्या समोरच आहे, सुनेगाची फ्युनिक्युलर पाच-सात मिनिटांवर. हिमनदीकडे जाणारी गोंडोला मात्र गावाच्या दक्षिण टोकाला, चालत पंधरा-वीस मिनिटं. नोव्हेंबरात आपल्याला रोज तिथेच जायचं असतं, म्हणून हॉटेल निवडताना हे अंतर आधी बघा. ई-बस तिथपर्यंत जाते आणि स्की-पास असेल तर वेगळं तिकीट काढावं लागत नाही. शक्य असेल तर स्की आणि बूट खालच्या स्थानकाजवळच्या लॉकरमध्ये ठेवून साध्या, पकड असलेल्या बुटांत ये-जा करा. स्कीच्या बुटांनी चालायचंच झालं तर वरचे क्लिप सैल करा, टाच आधी टेकवा आणि पाऊल छोटं टाका. संध्याकाळी वितळलेलं पाणी रात्री गोठतं आणि सकाळी रस्ता काचेसारखा गुळगुळीत झालेला असतो. खुद्द गावातच घसरून मनगट मोडण्याचा धोका असतो, तो उताराइतकाच गंभीरपणे घ्या.

डोंगरावरचा दिवस

सकाळी तळाच्या स्थानकावरचा फलक दोन मिनिटं उभं राहून वाचा. हिरवा दिवा म्हणजे चालू, लाल म्हणजे बंद. त्यातून तीन गोष्टी टिपून घ्या: परतीची लिफ्ट कुठली, ती शेवटची किती वाजता सुटते, आणि ती बंद पडली तर दुसरा मार्ग कुठला. मग वर जा. डिसेंबरात दिवस छोटा असतो आणि लिफ्ट दुपारी साडेतीन-चारच्या सुमारास बंद होऊ लागतात. शेवटच्या लिफ्टला निदान एक तास असतानाच खाली निघायची सवय लावा. थकलेल्या पायांना आणि मंदावलेल्या उजेडाला तो तास लागतो.

माथ्यावर पोचल्यावर स्की हातात घेऊन एका बोगद्यातून चालत हिमनदीवर बाहेर पडावं लागतं. आत अंधुक, बाहेर डोळे दिपवणारा प्रकाश. गॉगल बोगद्यातच चढवा आणि हातमोजेही. पहिले दहा-वीस मीटर हळू जा. तिथे कडक बर्फ, पातळ हवा आणि आजूबाजूला उभी असलेली माणसं, तिन्ही एकदम भेटतात.

उघडे उतार मोजके असल्याने गर्दी तिथेच एकवटते. शिवाय या महिन्यांत वेगवेगळ्या देशांचे स्पर्धक संघ हिमनदीवर सराव करतात. त्यांच्या मार्गांना जाळ्या किंवा दोऱ्या लावलेल्या असतात, त्या ओलांडू नका. पुढे असलेल्या माणसाला आधी वाट द्यायची, थांबायचं ते कडेला, आणि अरुंद जागी किंवा वरून न दिसणाऱ्या ठिकाणी मध्ये उभं राहायचं नाही. निळा उतार सोपा, लाल मध्यम, काळा अवघड. पिवळ्या खुणांची वाट यंत्राने सपाट केलेली नसते, ती नवख्यांसाठी नव्हे.

इटलीच्या बाजूला जायचं असेल तर

थेओडुलच्या पलीकडे चेर्विनिया आहे. त्यासाठी दोन्ही देशांत चालणारा पास घ्यावा लागतो. पासपोर्ट आणि व्हिसा जवळ ठेवा. इटलीत १ जानेवारी २०२२ पासून स्की करणाऱ्याला दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा सक्तीचा आहे. हेल्मेट दोन्हीकडे घालाच. खरी काळजी घ्यायची ती परतीची. वारा वाढून वरची लिफ्ट थांबली तर चेर्विनियाहून झेरमॅटला रस्त्याने डोंगरांना मोठा वळसा घालून यावं लागतं. त्यात कित्येक तास आणि बरेच पैसे जातात. दुपारी वाऱ्याचा अंदाज असेल त्या दिवशी पलीकडे जाऊच नका, आणि चांगल्या दिवशीही दुपारच्या जेवणाआधी सीमेकडे परत या.

आखलेली वाट सोडू नका

हा सगळ्यांत महत्त्वाचा भाग आहे. हिमनदीत खोल भेगा असतात. हिवाळ्याच्या शेवटी त्यांच्यावर जाड बर्फाचं छप्पर धरलेलं असतं. नोव्हेंबरात ते छप्पर पातळ असतं, वरून मात्र सगळं सारखंच पांढरं दिसतं. आखलेल्या वाटेपासून वीस पावलांवर फोटो काढायला जाणंही जिवावर बेतू शकतं.

दुसरा धोका बर्फाच्या थरांत असतो. ऑक्टोबरात पडलेला पातळ बर्फ स्वच्छ, थंड रात्रींमध्ये आतून बदलतो. जमिनीकडची ऊब आणि वरची थंडी यांतल्या फरकाने त्याचे कण सुटे, साखरेच्या दाण्यांसारखे होतात आणि एकमेकांना धरून राहत नाहीत. त्यावर नोव्हेंबर-डिसेंबरातला पहिला मोठा बर्फ पडला की वरचा थर त्या सुट्या दाण्यांवरून सरकायला टपलेला असतो. म्हणून बर्फ कमी असला तरी हिमस्खलनाचा धोका कमी असतोच असं नाही. दाव्होसची एसएलएफ ही संस्था हिवाळ्यात रोज संध्याकाळी ५ वाजता धोक्याची पातळी प्रसिद्ध करते, १ ते ५ अशा मोजणीत. ती इंग्रजीतही मिळते. आखलेल्या उतारांबाहेर जायचं असेल तर प्रमाणित गाइड, शोधयंत्र, फावडं आणि सळई या चार गोष्टींशिवाय जाऊ नये, आणि पहिल्या-दुसऱ्या वर्षी तर अजिबातच नाही.

अपघात झाल्यास या भागात १४४ लावा. हेलिकॉप्टरचा खर्च मोठा असतो. भारतातून घेतलेल्या प्रवास विम्यात स्कीसारखे खेळ वगळलेले आहेत का, हे निघण्याआधी कागद उघडून वाचा.

शरीराला वेळ द्या

३,८८३ मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६२-६३ टक्के असतो. काल मुंबईत असलेल्या माणसाने आज थेट तिथे जाऊ नये. पहिला दिवस गावात आणि गोर्नरग्राटवर घालवा, दुसऱ्या दिवशी ट्रॉकेनर श्टेग, तिसऱ्या दिवशी माथा. पाणी भरपूर प्या. डोकं ठणकू लागलं, मळमळलं तर वाट न पाहता खाली या; बरं वाटण्याचा तोच उपाय आहे. हृदयाचा किंवा श्वासाचा त्रास असणाऱ्यांनी आणि अगदी लहान मुलांच्या पालकांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. ताजा बर्फ बहुतेक सगळे अतिनील किरण परत फेकतो, त्यामुळे हनुवटीखाली आणि नाकपुड्यांपाशीही सनस्क्रीन लावा. सुती कपडे आतून नकोत. घाम शोषून ते ओले राहतात आणि वाऱ्यात अंग गारठतं.

कोणी कधी जावं

स्की येत असेल, लाल उतार सहज जमत असतील आणि गर्दीआधीचा कडक, वेगवान बर्फ आवडत असेल, तर नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा जरूर निवडा. हिमनदीवरच्या सकाळी तुम्हाला भरभरून देतील. पहिल्यांदा शिकायचं असेल तर थांबा. उंची, थंडी, टणक बर्फ आणि ओढून नेणाऱ्या लिफ्ट यांच्यात शिकणाऱ्याचा दम जातो आणि खेळाची गोडी लागण्याआधीच मन उडतं. सुनेगाजवळची शिकाऊ मंडळींची जागा नीट उघडली की, म्हणजे जानेवारीत किंवा मार्चमध्ये या. आणि दिवाळीच्या सुट्टीतच यायचं ठरलं असेल, तर तिकिटं काढतानाच घरच्यांना स्पष्ट सांगा की ही सहल मॅटरहॉर्न बघण्याची, गोर्नरग्राटच्या गाडीत बसण्याची आणि वर बर्फात खेळण्याची आहे. स्की जमली तर ती वरकमाई. एवढं आधी ठरलेलं असलं की डोंगराने एखादी लिफ्ट बंद ठेवली तरी कोणाची सुट्टी वाया जात नाही.